घर सोडून जाणाऱ्याचा वाटा

नाशिक जिल्ह्यात निफाड आणि मनमाड यांच्या दरम्यान लोहमार्गावर लासलगाव हे बाजाराचे गाव आहे. कांद्याच्या व्यापारामुळे त्याचे नाव देशभर झाले, आणि १९४७ साली बाजार समिती स्थापन झाल्यापासून तर लिलावाच्या दिवशी तेथे बैलगाड्यांची, आणि पुढे मोटारींची, रीघ लागत आली. अशा गावातील एका घराची कल्पना करावी. दोघे सख्खे भाऊ. आईवडील हयात नाहीत, बहीण नाही. बारा एकर वडिलार्जित जमीन, विहीर, कांद्याची चाळ आणि पेठेत एक लहानसे दुकान. सारे काही समाईक. थोरला कर्ता. धाकट्याला पत्नी, नऊ वर्षांचा मुलगा व पाच वर्षांची मुलगी. सिंहस्थात धाकटा त्र्यंबकेश्वरी स्नानाला म्हणून जातो आणि परत येत नाही. काही दिवसांनी निरोप येतो की, त्याने संन्यास घेतला. आता त्याला घर नाही, नाव नाही, गोत्र नाही.

घरात पहिले चार दिवस रडण्याचे जातात. पाचव्या दिवशी प्रश्न सुरू होतात. भाऊ संसारातून गेला, तेव्हा त्याचा वाटाही गेला, असे थोरल्याचे म्हणणे. वाटा गेला तर मुलांनी खायचे काय, असे वहिनीचे म्हणणे. आणि दोन महिन्यांनी मठातून आणखी एक निरोप येतो की, मुलगा बुद्धिमान दिसतो, त्यालाही वडिलांजवळ पाठवावे. तेव्हा मुलावर अधिकार कोणाचा, हा तिसरा आणि सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो.

हे घर काल्पनिक आहे, पण हे तीन प्रश्न काल्पनिक नाहीत. जोवर माणसे ईश्वराच्या शोधात घरे सोडून जातात, तोवर मागे राहिलेल्यांच्या दारात ते उभे राहणारच. वाटा कोणाचा, पत्नीचे काय, आणि मुले कोणाची? ह्या तीन प्रश्नांना आपल्या शास्त्राने, आपल्या समाजाने आणि पुढे कायद्याने कोणकोणती उत्तरे दिली, ते क्रमाने पाहणे उद्बोधक आहे.

प्रथम शास्त्र. धर्मशास्त्रकारांनी संन्यासाला एक प्रकारचा मृत्यूच मानले. संन्यास घेणारा स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो, शिखासूत्राचा त्याग करतो आणि अग्नी विसर्जन करतो. त्या क्षणापासून तो कोणाचा पुत्र नाही, पती नाही, पिता नाही. मग व्यवहारातही तसेच समजावयाचे: त्याचे जे काही असेल ते, तो मेला असता ज्यांना मिळाले असते, त्यांनाच मिळावे. उलट, संन्यासानंतर त्याच्याजवळ काही जमले, पोथ्या, पादुका, मठातील वस्तू, तर त्यावर पूर्वाश्रमीच्या मुलाबाळांचा हक्क नाही. ते योग्य शिष्याकडे जाते. याज्ञवल्क्याने यतीच्या वारसांचा क्रम निराळा सांगितला आणि विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा विस्तार केला, तो ह्याच तत्त्वावर. दोन्ही दारे बंद केली, ही ह्या व्यवस्थेतील खरी दूरदृष्टी होय. मुलांनी मठाच्या संपत्तीकडे पाहू नये आणि मठाने मुलांच्या शेताकडे पाहू नये.

परंतु ह्या व्यवस्थेला एक अट होती. संन्यास यथाविधि झालेला असला पाहिजे. केवळ भगवी वस्त्रे नेसून कोणी गावोगाव फिरू लागला, म्हणून तो व्यवहारात मृत ठरत नाही. पुढे इंग्रजी न्यायालयांनीही हाच दंडक पाळला. विधी झाला काय, आणि त्याने संसाराशी संबंध खरोखरीच तोडला काय, ह्याचा पुरावा ती मागत. हे योग्यच होते. नाहीतर भावाने भावाला भगवे नेसवून त्याची जमीन गिळण्यास कितीसा वेळ लागता?

ह्या दंडकाची कठोर बाजू महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिली. आपेगावच्या विठ्ठलपंतांची कथा मराठी घराघरांत ठाऊक आहे. आळंदीची रुक्मिणी ही त्यांची पत्नी. परंपरा सांगते की, त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. पण आपल्यामागे पत्नी आहे ही गोष्ट त्यांच्या गुरूंना नंतर कळली आणि गुरूंनी त्यांना गृहस्थाश्रमात परत पाठविले. त्यानंतर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार मुले झाली. समाजाला प्रश्न पडला: जो व्यवहारात मेला, त्याला मुले कशी? आणि ज्यांचा पिता मृत, ती मुले कोणाच्या कुळातली? मुंजी नाकारल्या गेल्या, कुटुंब वाळीत पडले. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले, आणि मुले पालकावाचून पैठणच्या पंडितांपुढे उभी राहिली. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा आश्रय मिळाला, तोही ह्याच दिवसांत. आज त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे यात्रा भरते. पण ज्या समाधीपुढे लाखो माणसे मस्तक नमवितात, ते एकेकाळी कायद्याने कोणाचेच नसलेले मूल होते, हे त्या गर्दीत कितीजणांच्या ध्यानात येत असेल? ह्या मुलांच्या बाबतीत शास्त्रातील शब्द मोडला नाही, म्हणून मुले मोडण्याची वेळ आली. वारसा आणि पालकत्व ह्यांचा विचार करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

पत्नीची स्थिती तर याहून वाईट होती. मुलगा असलेल्या स्त्रीला मुलाच्या आधाराने घरात जागा राही. मुलगा नसेल, आणि कुटुंब एकत्र असेल, तर पती मेला काय किंवा संन्यासी झाला काय, त्याचा वाटा उरलेल्या भाऊबंदांत विरून जाई, आणि पत्नीच्या हाती राही ती केवळ अन्नवस्त्राची मागणी. हिंदु स्त्रियांच्या संपत्तिविषयक हक्काचा कायदा १९३७ साली झाला, तेव्हा विधवेला एकत्र कुटुंबात पतीच्या जागी, हयातीपुरता का होईना, हिस्सा मिळाला. तोवर किती स्त्रियांनी दिराच्या चुलीपुढे आयुष्य काढले असेल, त्याची मोजदाद कोठेही नाही.

आता दुसरा प्रसंग. घर सोडणारा संन्यासी होत नाही, तर दुसऱ्या धर्मात जातो. जुन्या समजुतीप्रमाणे धर्मांतर केलेला मनुष्य पतित. पितरांना पिंड देण्याचा त्याचा अधिकार संपला, आणि पिंड व दाय ही एकाच नाण्याची दोन अंगे असल्यामुळे वारसाही संपला. लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत १८५० साली एकविसावा कायदा झाला आणि धर्म सोडल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचाही संपत्तीवरील हक्क बुडू नये असे ठरले. ह्या कायद्याविरुद्ध मोठे वादळ उठले, अर्ज गेले. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. पुत्र पितरांचे कर्तव्य करतो म्हणून त्याला संपत्ती मिळते. कर्तव्य टाकून देणाऱ्याला संपत्ती का द्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. कायद्याचे उत्तर असे होते की, मनुष्याच्या श्रद्धेचा दंड त्याच्या पोटाला भरावयास लावणे हे राज्याचे काम नव्हे. दोन्ही पक्षांत काही सत्य होते. पण राज्याला एकच पत्करता येत होते.

पुढील निकालांनी ह्या कायद्याच्या मर्यादा आखल्या. १८६३ सालच्या अब्राहम विरुद्ध अब्राहम ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने म्हटले की, धर्मांतराने मनुष्य एकत्र कुटुंबातून वेगळा होतो. म्हणजे त्याचा वाटा नाहीसा होत नाही, तर निराळा काढला जातो. आणि १९३० साली त्याच न्यायासनाने स्पष्ट केले की, १८५० च्या कायद्याचे संरक्षण धर्म बदलणाऱ्या मनुष्यापुरते आहे. त्याच्या पुढच्या पिढ्यांना त्याच कायद्याच्या आधाराने हिंदु नातलगांचा वारसा मागता येणार नाही.

शेतीचा वाटा असा मोजून देता येतो. मुलाचा वाटा मात्र कसा काढावा? ह्या प्रश्नाने मुंबई शहर एकोणिसाव्या शतकात दोनदा हादरले. १८३९ साली धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी हे दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. धनजीभाईचे वय सोळा वर्षांचे झाले होते. स्वतःचा विचार करण्याइतका तो समजता आहे असे मानून त्याला आपल्या इच्छेने राहू दिले गेले. चार वर्षांनी, १८४३ साली, नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहू लागला. श्रीपताचे वय अवघे बारा वर्षांच्या आसपास. वडिलांनी कोर्टात धाव घेतली. मुलगा स्वतःच्या इच्छेने राहिला आहे हे मिशनऱ्यांचे म्हणणे कोर्टाने मान्य केले नाही. एवढ्या लहान वयाच्या मुलाची इच्छा ही इच्छा समजता येत नाही, म्हणून तो वडिलांच्या स्वाधीन करावा असा निकाल झाला.

येथे कज्जा संपला, पण गोष्ट संपली नाही. वडिलांनी मुलगा जिंकला. आता तो जातीत घ्यावा की नाही? मिशनऱ्यांच्या घरी त्याने अन्न घेतले होते. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे ह्यासाठी पुढाकार घेतला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. ज्यांनी मुलगा धर्माबाहेर गेला म्हणून आकांत केला, त्यांच्यापैकीच कित्येकांनी तो परत आल्यावर दार लावून घेतले. पालकत्वाचा हक्क कोर्ट देऊ शकते. घर मात्र घरच्यांनाच द्यावे लागते, हा ह्या प्रकरणाचा खरा धडा होय.

नाशिककरांना अधिक जवळचे असे एक उदाहरण आहे. नाशिकजवळील जलालपूरच्या लक्ष्मीबाई ह्या कवी नारायण वामन टिळक यांच्या पत्नी. १८९५ साली टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्या वेळी सत्तावीस वर्षांच्या आतबाहेर होत्या. मुलगा दत्तू चार वर्षांचाही पुरा नव्हता. १८६६ च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या मनुष्याला एक वाट मोकळी ठेवली होती. धर्मभेदामुळे पत्नी सहवासास नकार देत असेल, तर कोर्टाकडे जावे, मुदत द्यावी, आणि तिचा नकार कायम राहिल्यास विवाह मोडून घ्यावा. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. ना विधवा, ना सवाशीण म्हणून मान, अशी त्यांची स्थिती झाली. पुढे त्या अहमदनगरास गेल्या, प्रथम स्वतःचे सोवळे सांभाळून राहिल्या, आणि स्वतःच्या विचाराने १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र मराठीत अजोड समजले जाते.

ह्या प्रकरणात एकही कज्जा झाला नाही, म्हणूनच ते येथे सांगण्यासारखे आहे. त्या काळचा कायदा पित्याच्या बाजूला झुकणारा होता. मुलगा ओढून नेण्याचा प्रयत्न झाला असता तर दोन घरे कायमची दुभंगली असती. मूल आईपाशी राहिले आणि काळाला अवसर मिळाला. जेथे दोन्ही बाजूंना थांबण्याची शक्ती असते, तेथे कायद्याला पुढे यावे लागत नाही.

पण प्रत्येक ठिकाणी ती शक्ती नसते. मद्रासकडे अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीचे मुख्य ठाणे. तेथे नारायणय्या नावाचे एक विधुर गृहस्थ मुलांसह येऊन राहिले. त्यांच्या कृष्णमूर्ती ह्या मुलात जगद्गुरूची लक्षणे दिसतात असे सोसायटीतील प्रमुखांना वाटू लागले. १९१० साली वडिलांनी कृष्णमूर्ती व नित्यानंद ह्या दोघां मुलांचे पालकत्व डॉ. ॲनी बेझंट यांना लिहून दिले. थोड्याच काळात त्यांचे मन बदलले आणि १९१२ साली मुले परत मिळावीत म्हणून त्यांनी दावा लावला. पुढील वर्षी मद्रासेस निकाल त्यांच्या बाजूने झाला. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. फिरविताना मात्र त्या न्यायासनाने एक तत्त्व सांगितले, ते कायमचे उपयोगी आहे. पित्याचे पालकत्व हा मुलाच्या हितासाठी त्याच्याकडे असलेला पवित्र विश्वास आहे. तो दुसऱ्यावर सोपविला तरी पित्याला परत घेता येतो. दावा फसला तो निराळ्या कारणाने: मुले त्या वेळी इंग्लंडात होती, आणि त्यांचे स्वतःचे हित व त्यांची इच्छा काय, हे कोणी नीट विचारलेच नव्हते. दोन वडीलधाऱ्यांच्या भांडणात ज्याच्याविषयी भांडण, तोच मुका राहिला होता.

हे सारे हिंदुस्थानातच घडते असे मात्र नाही. इंग्लंडातील मँचेस्टर शहरची ॲन ली नावाची एक कामकरी स्त्री १७७४ साली मूठभर अनुयायांसह अमेरिकेस गेली. तिच्या पंथाचे लोक शेकर म्हणून ओळखले जातात. स्त्रीपुरुष दोघांनीही ब्रह्मचर्य पाळावयाचे, सर्वांची मालमत्ता एकत्र करावयाची, हातांनी कष्ट करावयाचे आणि भजनात देह डोलवावयाचा, असा त्यांचा आचार. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने स्त्रियांनाही संन्यासाचे दार मोकळे केले होते. शेकरांतही स्त्रीला पुरुषाच्या बरोबरीचे स्थान होते. पण महानुभाव संन्यासी भिक्षा मागून फिरे. शेकर मात्र शेते, गोठे आणि कारखाने चालवी. म्हणून तेथे संपत्तीचा प्रश्न लवकर पेटला. पंथात येणारा करारावर सही करी की, आणलेली मालमत्ता व केलेले कष्ट ह्यांबद्दल पुढे काही मागणार नाही. सही करणाऱ्याने आपले दिले हे ठीक. पण त्याची पत्नी पंथाबाहेर राहिली, तर तिच्या मुलांचे काय?

न्यूयॉर्क संस्थानात हा प्रश्न युनिस चॅपमन नावाच्या स्त्रीने चव्हाट्यावर आणला. तिचा पती तिच्या पाठीमागे तिन्ही मुलांना घेऊन शेकरांच्या वसाहतीत जाऊन राहिला. त्या काळी तेथेही मुलांवर सत्ता बापाची. युनिसने पुस्तके छापली, विधिमंडळाच्या दारात ती वर्षानुवर्षे उभी राहिली, आणि १८१८ साली तिच्यासाठी कायदा करवून घेतला. त्याने तिचा विवाह संपुष्टात आला व मुले मिळविण्याची वाट मोकळी झाली. मुले दूरच्या दुसऱ्या वसाहतीत नेण्यात आली होती. ती तेथे जाऊन तिने परत आणली. ह्या कायद्याच्या आधीच्या एका मसुद्यात अशी सूचना होती की, जो शेकर होईल त्याला कायद्याच्या दृष्टीने मृत समजावे. आपल्या स्मृतिकारांनी संन्याशाविषयी जे म्हटले, तेच शब्द सातासमुद्रापलीकडे पुन्हा सुचावेत, हे आश्चर्य आहे. फरक एवढाच की, आपल्याकडे तो शब्द त्यागाचा सन्मान म्हणून आला. तेथे शिक्षा म्हणून सुचला. थॉमस जेफर्सन यांच्यासारख्या विचारवंताने त्याला नापसंती दर्शविली, ती त्यामुळेच.

शेकरांनी पोसलेल्या मुलांबाबत मात्र एक नियम चांगला होता. मूल सज्ञान झाले की, राहावयाचे की जावयाचे हे त्याने स्वतः ठरवावयाचे. पुष्कळ मुले निघून गेली. ज्या पंथात मुले जन्मत नाहीत आणि वाढविलेली मुले राहत नाहीत, तो पंथ आटत जाणारच. आज शेकरांपैकी बोटांवर मोजण्याइतकीच माणसे उरली आहेत. तरीही त्यांनी मुलांना बळाने धरून ठेवले नाही, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे हाच प्रश्न बालदीक्षेच्या रूपाने आला. ज्या मुलाला संसार म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्याला संसाराचा त्याग करू द्यावा काय? एका पक्षाचे म्हणणे असे की, वैराग्य हे वयावर अवलंबून नाही. ज्ञानदेवांचे वय किती होते? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्ञानदेव शतकांत एक होतो, आणि नियम करावयाचा तो इतर मुलांसाठी. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दुसरा पक्ष पत्करला, आणि १९३३ साली त्यांच्या संस्थानात अज्ञान मुलांना संन्यासदीक्षा देण्यास प्रतिबंध करणारा निबंध झाला. सयाजीराव हे नाशिक जिल्ह्यातीलच, मालेगावजवळील कवळाणे गावचे. १८७५ साली, बारा वर्षांचे असताना, ते दत्तक म्हणून बडोद्यास गेले. दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघरचा वारसा संपतो. त्याला नवे नाव, नवे आईबाप, नवे घर मिळते. बालवयात एक घर सुटून दुसरे लाभणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. त्या निबंधामागे तो अनुभव होता की नाही, हे कोण सांगणार? पण योग मात्र विचार करण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतर ह्या सर्व धाग्यांची एकत्र वीण झाली. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाच्या हिताचा विचार आधीच सुरू केला होता. पालक नेमताना मुलाचे वय, धर्म, पालकाचे चारित्र्य, नात्याची जवळीक आणि मूल समजते असल्यास त्याची पसंती न्यायालयाने पाहावी असे त्यात होते. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याने पतीने किंवा पत्नीने धर्म सोडला, अथवा संसार टाकून संन्यासमार्ग धरला, तर दुसऱ्याला घटस्फोट मागण्याचा हक्क दिला. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने तर स्पष्टच म्हटले की, जो हिंदु राहिला नाही, किंवा ज्याने वानप्रस्थ, यती अथवा संन्यासी होऊन संसाराचा संपूर्ण व अखेरचा त्याग केला, त्याला मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून वागता येणार नाही; आणि सर्वांच्या वर मुलाचे कल्याण. त्याच वर्षीच्या वारसा कायद्यात धर्मांतर करणाऱ्याचा स्वतःचा वारसा बुडत नाही. परंतु धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले, वारसा उघडतेवेळी हिंदु नसतील, तर त्यांना हिंदु नातलगांचा वारसा मिळत नाही. हे कायदे हिंदूंप्रमाणेच जैन, बौद्ध व शीख यांनाही लागू आहेत. मुलींना जन्मतः एकत्र कुटुंबात मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि २००५ साली तो साऱ्या देशात झाला.

आता लासलगावच्या त्या घराकडे परत येऊ. बारा एकरांपैकी सहा एकर थोरल्या शाखेचे, सहा धाकट्याच्या शाखेचे. धाकटा गेला म्हणून थोरल्याच्या वाट्यात एक गुंठाही वाढत नाही. धाकट्याच्या सहा एकरांत मुलगा व मुलगी जन्मानेच हिस्सेदार आहेत, आणि वाटणी होताना आपल्या प्रांतीच्या वहिवाटीप्रमाणे पत्नीलाही हिस्सा मिळतो. म्हणजे चौघांचे दीड दीड एकर. संन्यास यथाविधि सिद्ध झाला, तर धाकट्याचे दीड एकरही पत्नी, मुलगा व मुलगी यांनाच समान जाते. प्रत्येकाचे दोन एकर होतात. संन्यास सिद्ध झाला नाही, तर त्याचे दीड एकर त्याच्याच नावावर राहते. मनुष्य सात वर्षे बेपत्ता असेल तर तो मेला असे कायदा धरून चालतो. पण जो मठात बसलेला साऱ्या गावाला दिसतो, त्याच्या बाबतीत तो मार्गही बंद. म्हणून जाणाऱ्याला खरोखरीच जावयाचे असेल, तर त्याने जाण्यापूर्वी पत्नीच्या व मुलांच्या नावे नोंदणी केलेले हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून ठेवावे, हा सरळ मार्ग होय. मात्र त्याला आपला वाटा सोडता येतो. मुलांचा वाटा सोडण्याचा त्याला अधिकार नाही. मठाला मुलांचे शेत देणारी सही त्याने केली, तर ती सही मुलांना बांधत नाही.

आणि मठातून आलेला तो निरोप? बापाने संसाराचा अखेरचा त्याग केला त्याच क्षणी मुलाला हाक मारण्याचा त्याचा कायदेशीर अधिकार संपला. नैसर्गिक पालक आता आई. दुकान व जमीन समाईक असेतोवर कर्ता म्हणून थोरला व्यवहार पाहील. पण तो मुलांच्या हिताविरुद्ध वागू लागला तर मुलांच्या वतीने वाटणी मागणे आईला शक्य आहे. मुलगा अठरा वर्षांचा होऊन स्वतः मठाची वाट धरील तर त्याला कोणी अडवू नये. तोवर त्याने शाळेत जावे.

थोरल्या भावाला हा निकाल कडू लागेल, पण त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरातून एक मनुष्य निघून गेला, तेव्हा त्याच्या जागी त्याला एक वाटा मिळाला नाही. एक जबाबदारी मिळाली. आणि निघून जाणाऱ्यानेही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विठ्ठलपंतांच्या गुरूंनी त्यांना परत पाठविले, ते संन्यास खोटा होता म्हणून नव्हे. मागे राहिलेल्या स्त्रीला विचारलेले नव्हते म्हणून. ज्याला सर्वस्वाचा त्याग करावयाचा आहे, त्याने प्रथम पाहावे की, आपण टाकीत आहो ते खरोखर आपले आहे काय. पत्नीचे अन्न आणि मुलांचे छत्र ह्या वस्तू आपल्या मालकीच्या नाहीत. त्या आपल्याजवळ ठेव म्हणून आहेत. ठेव परत केल्याशिवाय ज्याने प्रवास सुरू केला, त्याने संसार सोडला असे म्हणता येणार नाही. त्याने आपले ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवले, एवढेच.